खड्ड्याची भरपाई कोणाच्या खिशातून?

भारतात अपकृत्यांविषयी, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या दिवाणी स्वरूपाच्या चुकांविषयी, एकत्रित संहिता नाही. हा कायदा मुख्यतः न्यायालयांच्या निकालांतून घडला. ब्रिटिश विचारवंत जॉन ऑस्टिन कायद्याला सार्वभौम सत्तेची आज्ञा मानत असे. न्यायाधीशांनी घडवलेला कायदा त्या चौकटीत बसवताना ओढाताण होते.

मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा निकाल न्यायाधीशांनी घडवलेल्या कायद्याचे ठळक उदाहरण आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा हा आदेश. नवी मुंबई महापालिकाही त्याच्या कक्षेत येते. आधार आहे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा.

ॲरिस्टॉटलच्या न्यायविचारानुसार ज्याने नुकसान केले, त्यानेच ते भरून द्यायचे असते. पालिकेच्या तिजोरीतला पैसा मात्र करदात्यांचा. म्हणूनच ही रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करण्याचा याच निकालातील निर्देश सर्वांत मोलाचा. त्यामुळे भार खरी चूक करणाऱ्यावर पडतो आणि पुढचा रस्ता नीट बांधण्याचे कारणही त्यालाच मिळते.