श्वास परत आला, हाडांचे काय?

(आरोग्य सेवेसाठी राखलेल्या रविवारी, उपासनेनंतर मंडळीसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्यातील पाड्यांवरच्या रुग्णांसाठी तुम्ही जे दान देता, त्यातले पुष्कळसे अतिदक्षता विभागाच्या बिलात जाते. मण्यार चावलेले, न्यूमोनियाने छाती भरलेले, फवारणीचे औषध पोटात गेलेले असे रुग्ण कित्येक दिवस यंत्राच्या श्वासावर असतात. आपण प्रार्थना करतो, माणूस वाचतो, उपकारस्तुती होते. आज मला त्या उपकारस्तुतीनंतरच्या वर्षाबद्दल बोलायचे आहे.

एका पाड्यावरची पन्नाशीची बाई न्यूमोनियातून वाचून घरी आली. चार महिन्यांनी चुलीपुढून उठताना तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती पडलीसुद्धा नव्हती. "पडली नाही, मग मोडले कसे?" असे घरचे विचारत होते, आणि शेजारी करणीची कुजबुज सुरू झाली होती. या प्रश्नाला साधे उत्तर आहे, ते आपल्याला माहीत असायला हवे.

हाड हे दगडासारखे निर्जीव नसते. रस्त्याच्या दुरुस्तीसारखे त्याचे काम अखंड चालू असते. पेशींची एक टोळी जुने हाड उकरते, दुसरी तिथे नवे भरते. उकरायला दोनतीन आठवडे पुरतात, भरायला तीनचार महिने लागतात. धडधाकट माणसात दोन्ही कामांचा मेळ बसतो. गंभीर आजारात तो मोडतो. अंगातील दाह उकरणाऱ्या टोळीला चेव आणतो आणि भरणारी टोळी मंदावते. त्यात रुग्ण आडवा. हाडाला भार मिळाला नाही की शरीर ते नको असल्यासारखे वागते. अंतराळवीर तर निरोगी असतात, पण वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्का झिजते. आपला रुग्ण तर तापाने फणफणलेला, अर्धपोटी, आणि ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्वात उणा. स्टेरॉइड आणि लघवी वाढवणारी काही औषधेही हाडातील कॅल्शियमवर परिणाम करतात. ती जीव वाचवण्यासाठीच दिलेली असतात, म्हणून त्यांना दोष देऊ नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका.

हे नुकसान घरी आल्यावर लगेच थांबत नाही. ऑस्ट्रेलियात जिलाँग येथील डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्यांची हाडे वर्षभराने पुन्हा मोजली. त्याच वयाच्या इतरांपेक्षा यांच्या हाडांची घनता अधिक वेगाने घटली होती. वयस्कर स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाणही जास्त आढळले.

यहेज्केलाच्या 37व्या अध्यायातील खोरे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे आधी हाडे जुळतात, मग स्नायू, मांस, त्वचा, आणि श्वास सगळ्यांत शेवटी येतो. अतिदक्षता विभागात क्रम उलटा असतो. यंत्राने श्वास आधी सांभाळला जातो आणि हाडांकडे पाहायला कोणाला सवड नसते. ते साहजिक आहे. पण त्या खोऱ्यातले लोक शेवटी आपल्या पायांवर उभे राहिले, हे आपण विसरतो.

घरची माणसे प्रेमानेच रुग्णाला खाटेवर ठेवतात. केवळ पाड्यावर नव्हे, आपल्या फ्लॅटमध्येही "उठू नकोस, अशक्त आहेस" असेच म्हणतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला बसवावे, उभे करावे, हात धरून अंगणात न्यावे, सकाळी ऊन घेऊ द्यावे. स्नायूही वाळलेले असतात, म्हणून आधार हवाच. पडला तर सगळेच मुसळ केरात.

अन्नाचे म्हणाल तर प्रौढाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत 350 च्या आसपास असते. ज्या डोंगरात नाचणी पिकते तिथेच रेशनच्या तांदळाने ती मागे सारली, याचे मला फार वाईट वाटते. जोडीला डाळ, अंडी, सुकट हवी. दारू मात्र हाडांचीही वैरीण. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर विशेषच. घरी सोडताना "हाडांसाठी काय करायचे?" असे आमचे कार्यकर्ते आता डॉक्टरांना मुद्दाम विचारतात.

आता मागणे. बिलासाठी हात पुढे येतात, कारण जीव टांगणीला लागलेला दिसतो. नंतरच्या तपासणीची बस, अंडी, व्यायाम शिकवणाऱ्याची फेरी, यांसाठी पेटीत फारसे काही पडत नाही. प्रत्येक रुग्णाच्या मदतीतील थोडा भाग त्या पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवावा, अशी माझी मंडळीला विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी आजीआजोबांचे वॉकर माळ्यावर पडून आहेत त्यांनी ते पुढच्या रविवारी घेऊन यावेत. जुने चालतील, फक्त पायांचे रबर शाबूत असावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते घसरतात.