स्टिअरिंग सुटलं, नोकरी सुटत नाही



कन्नडहून चाळीसगावकडे निघालेली एसटी औट्रम घाट उतरते.
त्या वळणांवर चालकाची नजर आणि हातपाय धड असावे लागतात.

पण आजारात नजर अधू झाली तर?
अपघातात पाय निकामी झाला तर?

स्टिअरिंग सोडावं लागेल.
नोकरी सोडावी लागणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६.
कलम २०.

सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं, तर त्यासाठी कामावरून काढता येत नाही.
हुद्दाही खाली आणता येत नाही.
एसटी महामंडळालाही हे लागू आहे.

झेपेल असं दुसरं काम द्यायचं.
वेतनश्रेणी तीच.
सेवेचे लाभही तेच.

आणि तशी जागाच नसेल तर?
तर जादा पदावर ठेवायचं.
योग्य जागा मिळेपर्यंत, नाहीतर निवृत्तीपर्यंत.

घरात आजारपण असलं की माणसं खचतात.
अशा वेळी राजीनाम्यावर सही मागणं हा अन्यायच आहे.

म्हणून पुन्हा सांगते, नोकरी सोडावी लागत नाही.
घाईनं राजीनामा देऊ नका.
दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा.
पर्यायी कामासाठी आगारात लेखी अर्ज द्या.
आणि अर्जाची पोच जरूर घ्या.