अमेरिकेची सुरुवातीची नाणी : पारख, दर्जा आणि लिलाव

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण, लिखित स्वरूपात)



दरवर्षी या व्यासपीठावर मोठमोठी अभ्यासू मंडळी बोलतात, यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या डिप्लोमाधारक रेल्वे इंजिनिअरला उभे केले, याबद्दल त्यांचे आभार मानावेत की तुमची क्षमा मागावी हे भाषण संपल्यावर तुम्हीच ठरवा. माझे रोजचे काम म्हणजे रुळाची झीज मोजणे. छंद आहे नाण्यांचा, आणि त्यातही तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वसाहतींत पाडलेल्या नाण्यांचा. ही नाणी विकत घेण्याची माझी ऐपत नाही. संग्रहात आहे ते कनेटिकटचे एक झिजलेले तांब्याचे नाणे. बाकी सगळा अभ्यास लिलावांच्या कॅटलॉगांवरून.

हा विषय घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्यातले काही सहकारी येत्या दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. हातात फंडाची रक्कम येईल. “जुन्या नाण्यांत पैसे गुंतवावेत का हो?” असे मला दोघा-तिघांनी विचारले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देणार आहे, पण त्यासाठी आधी नाणे म्हणजे काय हे पाहावे लागेल.

इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्या लोकांपुढे पहिली अडचण होती सुट्ट्या पैशांची. इंग्लंड नाणी पाठवत नव्हते, आणि जी थोडीफार येत ती माल मागवण्यात परत जात. मग व्यवहार कशात? मक्यात, बीव्हरच्या कातड्यात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या शिंपल्यांच्या मण्यांत. १६३५ मध्ये तर बंदुकीची गोळी एका फार्दिंगला चालेल असा ठरावच झाला! चांदी यायची ती स्पॅनिश अमेरिकेतली, आणि तिच्यातही पोतोसीच्या टांकसाळीतल्या भेसळीचा घोटाळा गाजलेला. हातात आलेली चांदी खरी की खोटी हे कळत नव्हते.

तेव्हा १६५२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने स्वतःची टांकसाळ काढली आणि जॉन हल या बोस्टनच्या सोनाराकडे ती सोपवली. त्याचा भागीदार रॉबर्ट सँडरसन. पहिले नाणे अगदी साधे होते. एका बाजूला न्यू इंग्लंडची दोन आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूला किंमत, बाकी चकती कोरी. लोकांनी काय करावे? कडा कातरून चांदी काढायला सुरुवात केली. कोरी कड कातरली तर कोणाच्या लक्षात येणार? म्हणून त्याच वर्षी ठरले की कडेला मण्यांची दुहेरी रिंगणे, त्यांमध्ये अक्षरे आणि मधोमध झाड काढायचे. आधी विलो, मग ओक, मग पाइन. कातरले की अक्षरे तुटतात आणि चोरी दिसते. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी नाण्यावरच गेज बसवला.

दुसरी युक्ती वजनाची. इंग्लंडचा शिलिंग सुमारे ९३ ग्रेनचा, हलचा ७२ ग्रेनचा, म्हणजे ४.६७ ग्रॅम. चांदीचा कस तोच, वजन साडेबावीस टक्के कमी. हेतू असा की हे नाणे बाहेर नेणाऱ्याला तोटा व्हावा आणि ते गावातच फिरत राहावे.

तिसरी गोष्ट तारखेची. टांकसाळ १६८२ च्या सुमारापर्यंत चालली, पण ओकच्या झाडाचे दोन पेन्सचे नाणे सोडले (त्यावर १६६२ आहे) तर सगळ्यांवर साल एकच, १६५२. याचे एक कारण असे सांगतात की १६५२ मध्ये इंग्लंडमध्ये राजा नव्हता. पुढे राजा परत आला तेव्हा “ही जुनीच नाणी आहेत” म्हणायची सोय राहिली. आपल्याला यात नवल वाटायला नको. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये शाह आलमच्या नावाचे रुपये पाडले, त्यांवर त्याच्या राज्याचे १९ वे वर्ष कायमचे थिजलेले आहे. पेशवाईतल्या टांकसाळींतही दिल्लीच्या बादशहाचेच नाव चाले. सत्ता एकाची आणि छाप दुसऱ्याची, हे आपल्या नाण्यांतही भरपूर आहे.

या हलबद्दल एक गोष्ट अमेरिकेत मुलांना सांगतात. नॅथॅनिएल हॉथॉर्नने ती लिहिली. मुलीच्या लग्नात हलने तिला तराजूत बसवले आणि तिच्या भारोभार पाइनचे शिलिंग जावयाला दिले. मुलगी हॅना, जावई सॅम्युएल सेवॉल, लग्न १६७६ चे. आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षे आधी, १६७४ मध्ये, शिवराज्याभिषेकात महाराजांची तुला झाली होती. हॉथॉर्नची तुला कल्पनेतली. खरा हुंडा होता ५०० पौंड, आणि तोही हप्त्याने दिलेला. पण मी इंजिनिअर, हिशेब केल्याशिवाय राहवेना. ५०० पौंड म्हणजे १०,००० शिलिंग, गुणिले ७२ ग्रेन, म्हणजे जवळपास ४७ किलो. मुलीचे वजन तेवढे असायला काहीच हरकत नाही!

स्वातंत्र्ययुद्धानंतर निरनिराळ्या राज्यांनी तांब्याची नाणी काढली. व्हरमाँट, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले, भाचे, पुतणे आज न्यू जर्सीत आहेत, म्हणून तिथले नाणे सांगतो. १७८६ मध्ये त्या राज्याने तीस लाख नाण्यांचा ठेका दिला, दहावा हिस्सा सरकारजमा करण्याच्या अटीवर. एका बाजूला घोड्याचे डोके आणि खाली नांगर. एकूण शेतकऱ्याचे नाणे! साचे हाताने कोरलेले, म्हणून प्रत्येक साचा थोडा वेगळा. कोणाच्या नांगराची मूठ वाकडी, कोणाचा घोडा बसक्या नाकाचा. एडवर्ड मॅरिस यांनी १८८१ मध्ये या साच्यांच्या जोड्यांना क्रमांक दिले आणि ते आजही चालतात. कनेटिकटच्या नाण्यांचे तर तीनशेहून अधिक प्रकार आहेत. संग्राहक हे सगळे प्रकार भिंग घेऊन जुळवत बसतात. घरच्यांना ते वेड वाटते, आमच्याही घरी वाटते.

आता मुख्य विषय, दर्जा. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी मांडली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारे, ४ बरे, १२ चांगले, २० ते ३५ फारच चांगले, ४० पासून पुढे थोडेच वापरलेले, आणि ६० ते ७० म्हणजे व्यवहारात न फिरलेले. कल्पना अशी की १ दर्जाच्या नाण्याला एक डॉलर, तर ७० च्या नाण्याला सत्तर. किमतीचे ते गणित थोड्याच वर्षांत मोडले, पट्टी मात्र साऱ्या जगाने उचलली. गंमत अशी की याच शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून त्या जागी स्वतःची हलकी नाणी ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. पट्टी बरोबर असली तरी ती धरणारा हात तपासावा लागतो, हे आपल्या खात्यात वेगळे सांगायला नको.

वसाहतींच्या नाण्यांचा दर्जा ठरवणे विशेष अवघड, कारण तिथे झीज आणि जन्मजात दोष यांची गल्लत होते. रुळाच्या माथ्यावर खड्डा दिसला की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? हा चाकाने पाडला की कारखान्यातूनच आला? नाण्याचेही तेच. घोड्याचे कान दिसत नाहीत, तर ते झिजले की ठसाच नीट उमटला नाही? ओळखायची खूण आहे. ठसा जोरात बसतो तिथे चकतीचे मूळचे ओरखडे दाबाने सपाट होतात. न उमटलेल्या जागी ते ओरखडे तसेच राहतात. झिजलेल्या जागी मात्र पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि रंग आजूबाजूपेक्षा वेगळा. नुसत्या ठशावरून दर्जा देणारा माणूस इथे हमखास चुकतो.

त्यात नकली नाण्यांचा त्रास. ओतून केलेल्या नाण्यावर बारीक बुडबुडे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. एकोणिसाव्या शतकात विजेच्या साहाय्याने तांब्याची दोन पातळ टरफले करून जोडत. त्यांच्या कडेवर सांधा दिसतो. १८५६ च्या सुमारास वायट नावाच्या माणसाने बोस्टनच्या चांदीच्या नाण्यांच्या नकला चक्क नवे साचे करून पाडल्या. म्हणून डोळ्यांबरोबर काटा हवा. नियमाने शिलिंग ७२ ग्रेनचा, तर तीन पेन्सचे नाणे १८ ग्रेनचे, म्हणजे १.१७ ग्रॅम. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये एका जुन्या कपाटात पहिल्या, साध्या प्रकारचे एक तीन पेन्सचे नाणे सापडले. वजन भरले १.१ ग्रॅम! अशी दोनच नाणी आज माहीत आहेत, दुसरे मॅसॅच्युसेट्सच्या ऐतिहासिक सोसायटीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅक्स बोवर्सच्या लिलावात कपाटातल्या नाण्याचे २५ लाख २० हजार डॉलर आले.

१९८६ आणि १९८७ मध्ये अमेरिकेत दोन कंपन्या निघाल्या, पी.सी.जी.एस. आणि एन.जी.सी. त्या नाणे तपासतात, आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. यामुळे न पाहता खरेदी शक्य झाली, हा मोठा फायदा. पण आकडा एकाने चढला की किंमत कितीतरी चढते, म्हणून लोक डबी फोडून नाणे पुन्हा पाठवतात, यंदा एक आकडा जास्त मिळेल या आशेने. नाणे तेच, डबी नवी. २००७ मध्ये तर डबीतल्या नाण्यांची पुन्हा पारख करून डबीवर स्टिकर लावणारी तिसरी कंपनी निघाली! आणि नाणे घासलेले, भोक पाडलेले किंवा गंजलेले असेल तर आकडा न देता नुसता दोष लिहितात. अशा नाण्याची किंमत झपाट्याने खाली येते.

लिलावात आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली वंशावळ. हे नाणे आधी कोणाकडे होते? गॅरेट, फोर्ड, न्यूमन ही नावे आली की बोली वाढते, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगातले चित्र ताडून पाहता येते. सेंट लुइसचे एरिक न्यूमन १०६ वर्षे जगले. २०१३ पासून त्यांचा संग्रह विकला गेला तो शैक्षणिक आणि सामाजिक कामांसाठी. दुसरी गोष्ट प्रीमियम. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला साधारण वीस टक्के वर द्यावे लागतात. विकताना पुन्हा विक्रेत्याकडून कमिशन. म्हणजे आज घेऊन उद्या विकले तर पाचवा हिस्सा गेलाच.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. न्यूयॉर्कचा सोनार इफ्रेम ब्रॅशर याने १७८७ मध्ये पाडलेले सोन्याचे डबलून हे या क्षेत्रातले शिखर. त्यातले एक, दर्जा ६५, जानेवारी २०२१ मध्ये ९३ लाख ६० हजार डॉलरला गेले. वर्तमानपत्रांत मथळे आले. हेच नाणे १९७९ मध्ये गॅरेट संग्रहाच्या लिलावात ७ लाख २५ हजारांना घेतलेले होते. जवळपास तेरा पट! ऐकायला किती छान. पण मधली ४१ वर्षे धरून चक्रवाढ काढा. दरसाल दरशेकडा जेमतेम साडेसहा येतात, आणि त्यातूनही प्रीमियम, विमा, लॉकर वजा करायचे. ही सर्वोत्तम नाण्याची कथा. मधल्या दर्जाच्या, कोणी घासलेल्या नाण्याची कथा कुठल्याच पेपरात छापून येत नाही, आणि आपल्याला परवडणारे नाणे तेच असते.

तेव्हा माझे उत्तर स्पष्ट आहे. फंडाची रक्कम पोस्टात, बँकेत, जिथे झोप शांत लागते तिथे ठेवा. नाणी घ्यायचीच तर सिनेमाला, सहलीला खर्च करतो त्या पैशातून घ्या. आधी पुस्तक घ्या, मग भिंग, मग काटा, आणि सगळ्यात शेवटी नाणे. निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो. तो वेळ हीच या छंदातली खरी गुंतवणूक, आणि तिच्यावर कमिशन कापले जात नाही.

वहिनींना आणि काकूंना एक विनंती. आपल्या देवघरांत शिवराई असते, सुरती रुपया असतो, आजेसासूबाईंनी दिलेले एखादे नाणे असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ते चिंच, राख, पितांबरी लावून लखलखीत केले जाते. कृपया करू नका. दीडशे वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत जातो आणि पुन्हा येत नाही. साध्या पाण्याचा हात पुरे, तोही अगदी हवाच असेल तर. मग मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. त्याबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा की हे कोणाचे, कोणत्या गावाहून आले. अमेरिकेत ज्याला वंशावळ म्हणून मोल आहे ती आपल्याकडे आजीच्या तोंडी असते, आणि आजीबरोबर जाते. आणि एक लक्षात ठेवा, शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी नेणे किंवा मुलांकडे पाठवणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मना आहे. न्यू जर्सीतल्या नातवाला फोटो पाठवा.

त्या वसाहतवाल्यांप्रमाणे आपणही गाव सोडून इथे आलो. त्यांनी परक्या मुलखात पहिल्यांदा काय उभे केले? सगळ्यांना विश्वासाने घेता-देता येईल असे एक माप. आपल्या मंडळाच्या वर्गणीची पावती, तपासलेला जमाखर्च, या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दरवर्षी छापला जाणारा ताळेबंद, हे आपले तसेच माप आहे. ते कोणी कातरू नये म्हणून कडेची अक्षरे आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायची आहेत.

आरतीची वेळ झाली आहे, मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!