खडू, फळा आणि मंत्रिपद



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण आता आकाशवाणीवर, एखाद्या वृत्तवाहिनीत किंवा स्वतःच्या पॉडकास्टच्या माइकसमोर बसतील. काही वर्षांत तुमचा आवाज घराघरांत ओळखीचा होईल आणि मग कुणीतरी विचारील, 'निवडणुकीला उभं राहता का?' काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण ज्यांनी 'हो' म्हटलं आणि ते निभावून दाखवलं, अशा एका माणसाची हकिगत मला आज सांगायची आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे रेने लेव्हेक.

त्यांचा जन्म १९२२चा. गास्पे द्वीपकल्पावरच्या न्यू कार्लाइल या गावात ते वाढले. प्रांतात बहुसंख्य फ्रेंचभाषक, पण या गावात पैसा आणि मान होता इंग्रजीभाषकांकडे. दोन्ही भाषा ते तिथेच शिकले. चौदा वर्षांचे असताना वडील गेले. अजून शिकत होते तेव्हापासूनच गावच्या रेडिओ केंद्रावर बोलू लागले. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी लावाल विद्यापीठात गेले, पण तिथे मन रमलं नाही. १९४४ साली अमेरिकी सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून ते युरोपात गेले, आणि १९४५च्या वसंतात मुक्त झालेली डाखाऊची छळछावणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. नंतर कोरियाचं युद्ध. १९५५ साली कॅनडाचे परराष्ट्रमंत्री पिअर्सन यांच्या सोव्हिएत दौऱ्यात त्यांनी ख्रुश्चॉव्ह यांना बोलतं केलं.

त्यांचं खरं नाव झालं ते मात्र दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमामुळे. 'प्वाँ द मीर' हा कार्यक्रम १९५६ ते १९५९ या काळात चालला. बुटका, टक्कल पडत चाललेला, आवाज घोगरा, हातात कायम सिगारेट. पडद्यावर शोभेल असं त्यांच्यात काही नव्हतं. सोबतीला फळा, खडू आणि नकाशा. सुवेझचा कालवा कुठे आहे, तो कुणाचा, त्यावरून युद्ध का पेटलं, अल्जीरियातले लोक फ्रान्सविरुद्ध का उठले, हे सगळं ते कामगार वस्तीतल्या माणसाला कळेल असं सांगत. ऐकणाऱ्याला माहिती कमी असेल, पण बुद्धी कमी नाही, या विश्वासावर तो कार्यक्रम उभा होता. माझ्या मते आपल्या व्यवसायाचा सगळा पाया या एका विश्वासात आहे.

मग १९५८च्या डिसेंबरअखेरीस माँट्रियलमध्ये सार्वजनिक प्रसारणसंस्था रेडिओ-कॅनडाच्या फ्रेंच वाहिनीचे निर्माते संपावर गेले. मागणी साधी होती, संघटना करण्याच्या हक्काची. संप दोन महिन्यांहून अधिक चालला. फ्रेंच वाहिनीचं काम विस्कळीत झालं, पण ओटावातलं केंद्र सरकार ढिम्म राहिलं. इंग्रजी वाहिनी अशी बंद पडली असती तर मंत्री रातोरात धावले असते, हा विचार लेव्हेक यांच्या मनात कायमचा रुतला. १९६०च्या जूनमध्ये ते प्रांताच्या निवडणुकीत लिबरल पक्षाकडून थोडक्या मतांनी निवडून आले आणि लगेच मंत्री झाले.

मंत्री झाल्यावर त्यांनी काय केलं, ते नीट ऐका. त्यांच्याकडे जलसंपत्तीचं आणि पुढे नैसर्गिक साधनसंपत्तीचं खातं आलं. क्वेबेकच्या नद्यांवर वीज तयार होत होती, पण ती बरीचशी खासगी कंपन्यांच्या हाती होती. त्यांच्या स्वतःच्या गास्पे भागातल्या घराला माँट्रियलच्या घरापेक्षा कितीतरी महाग वीज मिळे. आबितिबी भागात विजेची वारंवारिता २५ सायकल, तर इतरत्र ६०. लेव्हेक यांनी ठरवलं की या कंपन्या प्रांताच्या हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीज कंपनीत आणायच्या. मुख्यमंत्री ज्याँ लेसाज सुरुवातीला राजी नव्हते. अखेर याच प्रश्नावर १४ नोव्हेंबर १९६२ रोजी मुदतीआधी निवडणूक झाली. प्रचारात लेव्हेक यांनी पुन्हा नकाशा आणि खडू हाती घेतला. कोणत्या भागात कोणती कंपनी, दर काय, कर्ज किती, फेड कशी, हे ते गावोगाव मांडत राहिले. पक्ष जिंकला. १९६३ साली अकरा कंपन्या सुमारे ६० कोटी डॉलरना रीतसर विकत घेतल्या गेल्या.

प्रसिद्धी मिळालेली माणसं राजकारणात पुष्कळ जातात. लेव्हेक मला वेगळे वाटतात, कारण त्यांनी पडद्यावरून लोकप्रियता नेण्याऐवजी समजावून सांगण्याची सवय नेली. कंपनीचा ताळेबंद हा मतदाराचा विषय आहे, असं मानणारा मंत्री आजही दुर्मीळ आहे.

१९६७ साली त्यांनी लिबरल पक्ष सोडला आणि पुढच्या वर्षी क्वेबेकच्या सार्वभौमत्वासाठी पार्ती केबेक्वा हा पक्ष स्थापन केला. १९७० आणि १९७३ या दोन्ही निवडणुकांत ते स्वतः हरले आणि वृत्तपत्रात स्तंभ लिहीत राहिले. १५ नोव्हेंबर १९७६ रोजी त्यांच्या पक्षाला ११० पैकी ७१ जागा मिळाल्या आणि ते मुख्यमंत्री झाले. १९७७ सालचा त्यांचा फ्रेंच भाषेचा कायदा जगभर गाजला. दुकानांच्या पाट्यांवरून आपल्याकडे वाद होतो तेव्हा त्याचं नाव निघतं. पण कामिय लोराँ या मंत्र्यांनी रचलेल्या त्या कायद्याबद्दल खुद्द लेव्हेक यांच्या मनात अस्वस्थता होती. आपली भाषा टिकवायला कायदा लागावा, याचं त्यांना दुःख होतं. त्यांना अभिमान होता तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याचा. त्यामुळे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्याकडून पक्षांनी देणग्या घेण्यावर बंदी आली. देणगी फक्त मतदारानं द्यायची, तीही मर्यादेत, आणि ठरावीक रकमेपुढे नाव जाहीर करून. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

२० मे १९८० रोजी या सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर सार्वमत झालं. विरोधात जवळपास ६० टक्के मतं पडली. आयुष्यभर समजावत आलेल्या माणसाला त्याच्याच लोकांनी नकार दिला. त्या रात्री रडणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर उभं राहून त्यांनी कौल मान्य केला. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. मग मंदी आली, सरकारी नोकरांच्या पगारात कपात झाली, जवळचे सहकारी सोडून गेले. पगारकपातीचा निर्णय कठोर होता, आणि ज्यांच्या बळावर पक्ष वाढला तीच माणसं त्यात दुखावली. १९८५ साली ते पायउतार झाले आणि परत पत्रकारितेकडे वळले. १ नोव्हेंबर १९८७ रोजी माँट्रियलमध्ये त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. एकट्या मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आणि महावितरण असे वीज पुरवणारे आहेत आणि त्यांचे दर सारखे नाहीत. ते का, हे किती ग्राहकांना कुणी नकाशा मांडून सांगितलं आहे? तुमच्या गावच्या पाणीपट्टीचं, पीकविम्याचं, एसटीच्या भाड्याचंही तेच. तुमचा पहिला कार्यक्रम अशा एखाद्या बिलावर करा. पुढे कधी मंत्री झालात, तर दर महिन्याला आपल्या खात्याचा हिशोब त्याच भाषेत लोकांसमोर मांडा.