लसूण नक्की कुठल्या चटणीत?

हातातलं काम सोडू नका, भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल. पण जवळ मुलांची वही-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. आज आम्ही इंग्रजीतल्या विशेषणांबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायकांना इंग्रजी व्याकरण कशाला, असं वाटेल. आम्हालाही दिवाळीपर्यंत तसंच वाटत होतं.

आमचा गट पाच प्रकारच्या चटण्या करतो. लसूण-खोबरं आणि शेंगदाणा यांत लसूण असतो. जवस, कारळं आणि तीळ यांत तो अजिबात नसतो. लसणीची पाकिटं लाल, बिनलसणीची हिरवी. वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते, मराठी तिच्या जोडीला चालते. म्हणून लेबल इंग्रजीत केलं, आणि सोबतचं माहितीपत्रकही इंग्रजीतच छापलं. त्यात एक वाक्य होतं : ‘अवर चटणीज, विच कंटेन गार्लिक, कम इन रेड पॅकेट्स.’

शहरातल्या एका दुकानदारांनी जवसाची वीस किलोची ऑर्डर दिली होती. त्यांची बरीच गिऱ्हाइकं जैन. पत्रक हातात पडलं आणि त्यांचा फोन आला, “ताई, सगळ्याच चटण्यांत लसूण आहे म्हणता, मग आम्हाला नको.” आम्ही परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्याच कागदावर लिहिलंय.” जवस भाजून, कुटून तयार होता. शेवटी आठवडी बाजारात मिळेल त्या भावाला विकला.

चूक कुठे होती? दोन स्वल्पविरामांत. आता आम्ही वाक्य दोनदा वाचतो, नीट ऐका. ‘अवर चटणीज’... थांबलो... ‘विच कंटेन गार्लिक’... थांबलो... ‘कम इन रेड पॅकेट्स.’ असं थांबत म्हटलं की मधला तुकडा म्हणजे जाता जाता दिलेली जास्तीची माहिती. अर्थ होतो, आमच्या चटण्या लाल पाकिटात येतात, आणि हो, त्यांत लसूण असतो. म्हणजे सगळ्यांत! आता न थांबता : ‘अवर चटणीज दॅट कंटेन गार्लिक कम इन रेड पॅकेट्स.’ आता अर्थ झाला, ज्या चटण्यांत लसूण आहे तेवढ्याच लाल पाकिटात. तो तुकडा चटण्यांची निवड करतो, तांदळातले खडे वेगळे काढावेत तसा. निवड करायची असेल तेव्हा स्वल्पविराम नको. ‘दॅट’ वापरलं तर चूक व्हायची शक्यताही कमी, कारण असल्या जास्तीच्या माहितीला, म्हणजे स्वल्पविरामांच्या मधे, ‘दॅट’ वापरत नाहीत. तिथे ‘विच’ लागतं, आणि माणसांसाठी ‘हू’. ‘द विमेन विच मेक पापड’ असं लिहू नका. बायका म्हणजे वस्तू नव्हेत, ‘द विमेन हू मेक पापड’.

या तुकड्याला विशेषण-वाक्य म्हणतात. आपल्याकडेही ते आहेच : ‘जी चटणी आम्ही केली ती संपली.’ आपलं ‘जी’ आधी येतं, मग ‘ती’. इंग्रजीत आधी चटणीचं नाव आणि लगेच पाठीमागे तिचं वर्णन : ‘द चटणी विच वी मेड इज ओव्हर.’ आपल्या जिभेवर ती ‘ती’ बसलेली असते, म्हणून आपण ‘द चटणी विच वी मेड इट’ असं म्हणून जातो. ते ‘इट’ काढून टाका. ‘विच’मध्ये चटणी आलेलीच आहे.

‘लगेच पाठीमागे’ हे मात्र विसरू नका. आमच्या पापडाच्या लेबलावर आधी होतं : ‘पापड्स मेड बाय विमेन दॅट आर ड्राइड इन द सन.’ ऐकणाऱ्याला वाटावं, बायका उन्हात वाळवल्यात! आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “खोटं काय त्यात? मे महिन्यात गच्चीवर पापडांबरोबर आपणच वाळतो.” हसून झाल्यावर आम्ही वर्णन उचलून पापडाशेजारी ठेवलं : ‘सन-ड्राइड पापड्स मेड बाय विमेन.’

साधी विशेषणं त्यामानाने सोपी आहेत. मराठीत चांगला मसाला, चांगली चटणी, चांगले पापड असं रूप बदलतं. पण ‘लाल’ बदलत नाही, लाल मसाला, लाल मिरची, लाल टोमॅटो. इंग्रजीतली विशेषणं या ‘लाल’सारखी. पाकिटं शंभर असली तरी ‘रेड पॅकेट्स’च, ‘रेड्स पॅकेट्स’ कधीच नाही. दोन-तीन एकत्र आली तर आकार आधी, रंग नंतर : ‘स्मॉल रेड पॅकेट’. आणि बँकेत गेलात तर ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन लोन’ म्हणू नका, साहेब गालात हसतील. त्याचा अर्थ, आपणच मोठ्या मजेदार! आपल्याला रस आहे तेव्हा ‘इंटरेस्टेड’.

ते पत्रक कुणी लिहिलं, असं तुम्ही मनात विचारलं असेल. आम्हीच. गटात बी.ए. झालेलं दुसरं कुणी नाही, म्हणून कुणी तपासलंही नाही. मीटिंगमध्ये चूक कबूल केली तेव्हा कुणी रागावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता छापायला देण्याआधी आम्ही प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगतो, आणि ज्या बाईने ती चटणी कुटली तिला विचारतो, “असंच आहे ना?” परवा जवसाच्या लेबलावर ‘फ्रेश’ लिहिलं होतं. तिने विचारलं, “दोन महिने टिकणारी चटणी ताजी कशी?” तो शब्द खोडला.

नवं पत्रक त्या दुकानदारांना पाठवलंय. त्यांनी जवसाची पाच किलो चटणी मागवली आहे. पाकिटं हिरवी.