पुढच्या ब्रेकला घाबरू नका

आजचा भाग गाडी चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी हेडफोन काढा आणि घरी पोचल्यावर निवांत ऐका. कारण आजचा विषय आहे टू-व्हीलरचे ब्रेक.

गाडी शिकताना आपल्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेलं असतं: "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील!" मग आपण वर्षानुवर्षं मागच्या ब्रेकवरच गाडी चालवतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये ते खपूनही जातं. पण समोर अचानक कुत्रं आडवं आलं की तीच सवय अंगाशी येते.

का, ते बघू. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, बरोबर? तसंच टू-व्हीलरचं. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. टायरवर भार जास्त, तर रस्त्यावर पकड जास्त. म्हणजे जोरात थांबायचं असतं तेव्हा पकड पुढच्या चाकाकडे असते, आणि आपण दाबतो मागचा ब्रेक! मग मागचं चाक जाम होतं, घसरतं आणि गाडी आडवी व्हायला लागते.

आता थोडं गणित. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर 17 मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण 20 मीटरमध्ये थांबता येतं. फक्त मागच्या ब्रेकवर हे अंतर जवळजवळ दुप्पट होतं. आणि वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर चौपट!

मग दाबायचा कसा? लिंबू पिळतो तसा. आधी हलकेच आवळायचा, भार पुढे आला की जोर वाढवायचा. झटका द्यायचा नाही. हँडल सरळ हवं, नजर लांब हवी, आणि मागचा ब्रेक सोबत हवाच. वळणावर मात्र आधीच वेग कमी करायचा. आणि वाळू, खडी किंवा ओला चिखल असेल, तर पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने. घरच्यांची भीती उगाच नाहीये. पडायला होतं ते वाकलेल्या हँडलवर किंवा निसरड्यावर झटका दिल्यामुळे.

आता आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा. ड्रम ब्रेकमध्ये चाकाच्या डब्यात ब्रेक शू असतात, ते आतून बाहेर दाबले जातात. स्वस्त आणि टिकाऊ, पण गरम झाला की लवकर थंड होत नाही. डिस्कमध्ये उघडी चकती दोन पॅडमध्ये चिमटली जाते. ती वाऱ्यावर असल्याने पटकन थंड होते. म्हणूनच एकच डिस्क असेल तर ती पुढे असते.

2019 पासून आपल्याकडे 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. थोडाच हं! पूर्ण जोरासाठी उजवा लिव्हर दाबावाच लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. ते चालू झालं की लिव्हर थरथरतो. घाबरून सोडू नका, दाबून धरा. आणि 'सिंगल चॅनल' असेल, तर सहसा ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक तरीही जाम होऊ शकतं.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं होतं, पांढरे पट्टे आणि गटाराची झाकणंही. तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा.

ताम्हिणीसारखा घाट उतरताना बाईक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, वेग इंजिनलाच धरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं, अजिबात नको. स्कूटरला गिअर नाहीत, म्हणून सुरुवातीपासूनच हळू उतरा. सतत ब्रेक घासू नका; दाबा, वेग उतरवा, सोडा. लिव्हर मऊ लागला किंवा जळका वास आला, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. रविवारी सकाळी रिकामं, कोरडं, डांबरी मैदान शोधा. हेल्मेट घाला. ताशी 20 वर दोन्ही ब्रेकने थांबून बघा, मग 30 वर. दहा-पंधरा वेळा केलंत की हाताला सवय लागेल. कारण कुत्रं आडवं येतं तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हात सवयीनेच चालतो.

आणि हो, ज्यांनी तुम्हाला "पुढचा दाबू नको" सांगितलं होतं, त्यांनाही हा भाग नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!