जुव्यावरच्या दोन रात्री

सकाळची भांडी कुणाची झाली असतील, कुणाची अजून व्हायची असतील. कुणी रेडिओ खळ्यात ठेवून कोकमं फोडत बसली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही तुम्हाला आमच्या एका सहलीची गोष्ट सांगणार आहोत. ही सहल देवदर्शनाची नव्हती, लग्नकार्याची नव्हती, माहेरपणाचीही नव्हती. नुसतं जाऊन राहायचं होतं. आणि त्यासाठी आम्ही घरी खोटं बोललो होतो, तेही आज सांगणार आहोत.

आपला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पाहुणा म्हणजे रोजचीच गोष्ट झाली. आमच्या गटातल्या तिघींकडे निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत. बाकीच्या घावणे, आंबोळ्या, सोलकढी पुरवतात. गेल्या वर्षी आमच्या एका वहिनींकडे दोन मुली राहायला आल्या. पाठीवर मोठाल्या सॅक, पायात चपला. चार दिवस राहिल्या, पण किल्ला बघितला नाही की बोटीत बसल्या नाहीत. माडाखाली बसायच्या, पेज प्यायच्या, झोपायच्या. शेवटी वहिनींनी विचारलं, "गो, तुम्ही बघूक काय इलास?" त्या म्हणाल्या, "काही नाही काकू, नुसत्या राहायला आलो."

वहिनींनी हे गटाच्या बैठकीत सांगितलं आणि आम्ही सगळ्या हसलो. मग हळूहळू हसणं थांबलं. एक काकी म्हणाल्या, "आपण कधी अशा नुसत्या रवलो?" काकींचं वय बासष्ट. कुणाकडेच उत्तर नव्हतं.

तिथून हे सुरू झालं. आम्ही पाच जणी तयार झालो. आणखी चार जणी मिळाल्या त्या घाटावरच्या. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या कोकमाच्या स्टॉलशेजारी आजऱ्याकडच्या एका गटाचा घनसाळ तांदळाचा स्टॉल होता. तेव्हा एकमेकींचा डबा खाल्ला, सुट्टे पैसे उसने दिले-घेतले, फोन नंबर घेतले. एवढीच ओळख. त्यांना फोन केला तर पलीकडून आवाज आला, "येतो की! समुद्र बघायचाच राहिलाय आमचा."

आता पैशाचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. प्रत्येकीने महिन्याला १५० रुपये असे दहा महिने बाजूला ठेवले. गटाच्या नेहमीच्या बचतीत ते मिसळले नाहीत. वेगळी वही, वेगळा डबा. नऊ जणींचे झाले १३,५०० रुपये. राहणं-जेवण माणशी दिवसाला ५००, दोन दिवसांचे ९,०००. होडीचे १,२००. मासळी आणि बाजार ८००. असे ११,००० खर्च झाले, २,५०० उरले. एसटीचं तिकीट जिने-तिने आपलं काढलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आजऱ्याहून आंबोली घाट उतरून येणाऱ्यांनाही ते जड गेलं नाही.

कुठे जायचं? बेट म्हटलं की बाहेरच्यांना आपला सिंधुदुर्ग किल्लाच आठवतो. तो कुरटे बेटावर आहे, शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला. पण आपल्याकडे खाडीतही बेटं आहेत. त्यांना आपण जुवा म्हणतो. गड नदी समुद्राला मिळण्याआधी तिची कालावल खाडी होते. त्या खाडीत खोतजुवा, पाणखोल जुवा अशी वस्तीची बेटं आहेत. माड, भातशेती, थोडी घरं आणि चारी बाजूंनी पाणी. त्यातल्या एका जुव्यावर आमच्या एकीच्या नात्यातलं घर होतं. त्या आजींनी माजघर आणि पडवी आम्हाला दिली.

माघ महिना होता. होडीत बसलो तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवर मुलांचं जुनं शाळेचं दप्तर. त्यात दोन साड्या किंवा ड्रेस, एक चादर, टॉर्च, औषधं, ओडोमॉस. एवढंच न्यायचं असं ठरलं होतं, कारण चिखलातून चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. होडीवाल्या दादांकडून लाइफ जॅकेट मागून घेतली. काकी म्हणाल्या, "माका पवता येता, माका कित्याक?" आम्ही म्हटलं, "काकी, पाहुण्यांना आपण घालायला लावतो ना? मग आपणही घालायचं."

पोचलो, पाणी प्यायलो, आणि पुढे काय करायचं ते कळेना. आजी चुलीपाशी होत्या. एक उठली, नारळ खवायला बसली. दुसरीने झाडू घेतला. घाटावरच्या अक्कांनी तांदूळ निवडायला घेतले. अर्ध्या तासात नऊच्या नऊ जणी स्वयंपाकघरात. आजी वैतागल्या. "पैसे देऊन इलास मा? मग भायर बसा!" आम्ही बाहेर येऊन पडवीत ओळीने बसलो. काकी आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "अगो, माका कायतरी काम दी. हात नुसते कशे ठेवू?"

हसू नका मैत्रिणींनो. २०१९ साली आपल्या देशात सरकारने वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाची ९७ मिनिटं. ज्या हातांना रोज पाच तासांचं वळण आहे, ते एका दुपारीत कसे थांबणार?

थांबले ते पाण्यामुळे. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो होतो. भरती सुरू झाली आणि पाणी समुद्राकडून आत, वरच्या बाजूला वाहू लागलं. आपल्याला त्यात काही नवल नाही. पण आजऱ्याच्या ताई उभ्याच राहिल्या. "नदी उलटी चालली की! आमच्याकडं पाणी खालीच जातं, वर चढताना कधी बघितलं नाही." मग त्यांना सांगता सांगता आम्हीच पहिल्यांदा नीट बघितलं. साधारण सहा तास भरती, सहा तास ओहोटी, आणि रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. काठावरच्या चिपीची मुळं चिखलातून वर आलेली असतात, खिळे ठोकल्यासारखी. त्या मुळांनी झाड श्वास घेतं. पांढरी चिपी हा २०२० पासून आपल्या महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे आम्ही प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण त्या झाडाखाली तासभर कधी बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आजींच्या सुनेबरोबर मुळे काढायला गेलो. गुडघाभर चिखल. अक्का दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा उठल्याच नाहीत, तिथेच बसून मुळे शोधू लागल्या. दुपारी मुळ्यांचं सुकं, उकड्या तांदळाचा भात आणि त्यांनी आणलेला घनसाळ, दोन्ही एकाच पानात. जेवण झाल्यावर सगळ्या झोपल्या. काकी पाच वाजता उठल्या आणि घाबरून म्हणाल्या, "माका कोणी उठवक कसा नाय?" रात्री खळ्यात फुगडी झाली. घाटावरची फुगडी वेगळी, आपली वेगळी. मध्येच एकीने तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं, एकीने कर्जाचं. नव्या ओळखीत बोलायला सोपं जातं, कारण ते बोलणं पाणवठ्यावर पोचत नाही.

पाहुण्या झाल्यामुळे आम्हाला आमचे धडेही मिळाले. ज्यांच्याकडे निवास-न्याहारी आहे, त्यांनी लिहून घ्या. न्हाणीघराला आतून कडी हवी. कपडे अडकवायला खुंटी हवी. पॅडसाठी झाकणाचा डबा हवा, आणि तो कुठे आहे ते बाईने बाईला आधीच सांगावं, विचारायला लावू नये. गोडं पाणी मोजकं असेल तर तसं सरळ सांगावं. आजींनी पहिल्याच दिवशी विहीर दाखवून सांगितलं, "दोन बादल्ये एकेकीक." कुणाला राग आला नाही. प्लॅस्टिक आम्ही आमच्याच दप्तरात भरून परत आणलं, कारण जुव्यावर टाकलेला कचरा शेवटी खाडीतच जातो. आणि वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, ते आठवून आमच्या दोघींनी होडी वल्हवायला शिकायचं ठरवलंय.

आता त्या खोट्याचं. घरी आम्ही "दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे" असं सांगितलं होतं. ही युक्ती दुसऱ्या कुणाची नव्हती, आमचीच, म्हणजे गट चालवणाऱ्यांचीच. प्रशिक्षण म्हटलं की कुणी अडवत नाही. नुसतं राहायला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कित्याक?" परत आल्यावर आठवड्याने एकीच्या घरी कळलं. फोनमधला फुगडीचा फोटो दिराने बघितला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "सहलीक गेलस ह्येचा माका कायएक नाय. पण फसवलास कित्याक?" पुढचे दोन महिने ती बैठकीला आली नाही. हप्ता मुलाच्या हाती पाठवायची.

आम्ही तिच्या घरी गेलो. सासूबाईंसमोर बसलो आणि सांगितलं, चूक तिची नाही, आमची. आम्हीच तसं सांगायला लावलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग चहा ठेवायला सांगितला. ती आता बैठकीला येते. पण पुढच्या सहलीला येईन असं अजून म्हणत नाही, आणि आम्हीही तिला विचारून भंडावत नाही.

या प्रसंगातून एक गोष्ट आम्हाला कळली. खोटं बोलून मिळवलेली सुट्टी दुसऱ्या बाईच्या उपयोगी पडत नाही. आमच्या मागून जी जाईल, तिलाही पुन्हा खोटंच बोलावं लागेल. आणि खऱ्या प्रशिक्षणाला निघालेल्या बाईवरही घरचे उद्या विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून गेल्या बैठकीत आम्ही इतिवृत्ताच्या वहीत सरळ लिहिलं: "सभासदांची विश्रांतीसाठी सहल, दोन रात्री, खर्च स्वतःच्या वेगळ्या बचतीतून." खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकींनी सही केली आणि म्हणाल्या, "आता कोण विचारल्यान तर वही दाखवतलंय."

या वर्षी आम्ही आजऱ्याला जाणार आहोत, डोंगर बघायला. तारीख अजून ठरायची आहे. घरी मात्र सांगून झालंय. दोन घरांतून होकार आला, एका घरातून "बघू" आला, दोन घरांत अजून बोलणं चालू आहे. "बघू" म्हणजे नकार नव्हे, एवढं आपल्याला माहीत आहे.

तुमच्या गटात असं काही करायचं असेल तर पावसाळा टाळा. जून ते ऑगस्ट खाडी आणि समुद्र दोन्हींवर भरवसा नाही. नारळी पौर्णिमेनंतर ठरवायला घ्या, थंडीत जा. होडीवाल्याला भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघा. आणि डबा आजपासून वेगळा ठेवा. महिन्याला पन्नास रुपये असले तरी चालतील, दोन रात्रींऐवजी एक रात्र राहाल.

चला, आमचा वेळ संपला. कोकमांना मीठ लावायचं विसरू नका. नमस्कार.